आधी फेरफार, मग दुरुस्ती : सातबाऱ्याच्या रकान्यांचा इतिहास

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय वाचून काहींना वाटलं असेल की आज कायद्याचा तास आहे. तसं नाही. आपण इतिहासच बघणार आहोत, फक्त राजाचा किंवा लढाईचा नाही, एका कागदाचा. तो कागद तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेला असेल.

समोर नोकरीतली, कॉम्प्युटरवर काम करणारी बरीच मंडळी दिसतायत. म्हणून त्यांच्या ओळखीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कार्यालयात एखादी कामकाजाची प्रणाली असते. प्रकरण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातं, प्रत्येक टप्प्यावर काही रकाने भरले जातात. एके दिवशी लक्षात येतं की एका रकान्यातली माहिती बदलली आहे. कुणी बदलली, कधी बदलली, कुणालाच ठाऊक नाही. मग मीटिंग होते आणि पहिला ठराव काय होतो? 'सेटिंग बदला.' तो रकाना बंद करा, अमक्याची परवानगी काढा, तमका टप्पा वाढवा. महिनाभराने दुसऱ्या रकान्यात तोच प्रकार. कारण पहिला बदल आला कुठून, हे कुणी शोधलेलंच नसतं.

हा प्रश्न कॉम्प्युटरने जन्माला घातलेला नाही. इंग्रजीत रकान्यालाही 'फील्ड' म्हणतात आणि शेतालाही 'फील्ड'च म्हणतात. आपल्याकडे हे दोन्ही अर्थ एकाच कागदावर येऊन बसले आहेत. शेताचा रकाना बदलला की शेत बदलतं. त्यामुळे रकान्यातल्या बदलाचा माग ठेवायचा कसा, याचा विचार आपल्या महसूल खात्याला शंभर वर्षांहून आधी करावा लागला. त्या विचाराचं नाव 'फेरफार'. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे : जेव्हा जेव्हा फेरफाराचा माग नीट धरून मग नियम किंवा यंत्रणा बदलली, तेव्हा माणसं वाचली, आणि जेव्हा माग न धरता थेट नियम लावला, तेव्हा ज्याने आधीच रकाना बदलून ठेवला होता तो जिंकला.

नाव कुणाचं, शेत कुणाचं

एकोणिसाव्या शतकात जाऊ. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास जी मोजणी आणि आकारणी बसवली, तीच पुढे मुंबई इलाख्याची पद्धत झाली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. शिवाराचे तुकडे पाडले, प्रत्येकाला सर्व्हे नंबर दिला, आकार ठरवला आणि त्यापुढे एक नाव लिहिलं. हे नाव कुणाचं? तर सरकारला सारा द्यायची जबाबदारी ज्याची, त्याचं. म्हणजे खातेदाराचं.

आता बघा, इथेच गोम आहे. सरकारला हवा होता सारा देणारा. जमिनीवर खरा हक्क कुणाचा, ती गहाण आहे का, भाऊबंदांत वाटली आहे का, कुळाने केली आहे का, हे त्या नोंदीत असायचंच असं नाही. शेत सावकाराकडे गेलं, तरी वहीत नाव शेतकऱ्याचंच. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगल झाली आणि ती पुणे-नगर भागात पसरली. दंगलखोरांचा राग कशावर होता? माणसांपेक्षा जास्त कागदांवर. सावकारांची कर्जखतं हिसकावून जाळली गेली. दंगलीची चौकशी झाली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. पण मूळ उणीव राहिलीच : जमिनीवरचे हक्क लिहून ठेवणारी वही सरकारकडे नव्हती.

ती वही आली १९०३ साली, हक्कनोंदीच्या स्वतंत्र कायद्याने. १९१३ साली तो कायदा मोडून त्याच्या तरतुदी १८७९ च्या जमीन महसूल संहितेत घातल्या गेल्या. गावचं दप्तर कसं ठेवायचं याची शिस्त अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याच्या मॅन्युअलने लावली. एक ते एकवीस गाव नमुने. त्यातला सात नंबरचा नमुना म्हणजे अधिकार अभिलेख, बारा नंबरचा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एकाच कागदावर, म्हणून सातबारा. हे सगळ्यांना माहीत असतं. पण या दप्तराचा जीव सातमध्येही नाही आणि बारामध्येही नाही. तो आहे सहा नंबरच्या नमुन्यात. तीच फेरफार नोंदवही.

सहा नंबरची वही

सहा नंबरची रीत समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आज ती १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ आणि १५० मध्ये आहे, पण तिचा सांगाडा १९१३ चाच.

समजा, कुणी जमीन विकत घेतली किंवा कुणी मयत झालं आणि वारस लावायचे आहेत. ज्याला हक्क मिळाला त्याने तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची. तलाठी भाऊसाहेब ती सहा नंबरच्या वहीत लिहिणार आणि तिला क्रमांक पडणार. लक्षात घ्या, सातबाऱ्यावर अजून काहीच बदललेलं नाही. हाताने लिहिण्याच्या काळात सातबाऱ्यावर तो क्रमांक पेन्सिलने टिपून ठेवायचे. पेन्सिल म्हणजे 'इथे काहीतरी येऊ घातलंय, अजून आलेलं नाही'.

मग त्या नोंदीची प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा ज्यांचा संबंध दिसतो त्या सगळ्यांना लेखी नोटीस द्यायची. हरकतीला १५ दिवस. हरकत आली तर ती सहा-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत. तिची सुनावणी होणार. हरकत नसली तर सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद तपासून प्रमाणित करणार. त्यानंतरच सातबाऱ्यावर शाई. आणि शाईने काय करायचं? जुनं नाव खोडायचं नाही. त्याला कंस करायचा. नवं नाव लिहायचं आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक घालायचा.

या रीतीत तीन गोष्टी गुंफलेल्या आहेत, त्या वेगळ्या करून सांगतो. पहिली, जुनी माहिती पुसली जात नाही, कंसात राहते. दुसरी, प्रत्येक बदलाला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावर गेलं की कोण, कधी, कोणत्या कागदाच्या आधारे, हे सगळं मिळतं. तिसरी, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी, बदल लागू होण्याआधी ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याला कळवलं जातं.

एवढा खटाटोप का? कारण कायद्याने या नोंदीला वजन दिलं. आज ते कलम १५७ मध्ये आहे : अधिकार अभिलेखातली नोंद आणि प्रमाणित फेरफार, उलट सिद्ध होईपर्यंत खरे मानायचे. ज्या रकान्याला असं वजन द्यायचं, तो कुणालाही गुपचूप बदलता येता कामा नये, इतका साधा हिशेब.

आता कागदावरची रीत आणि गावातली रीत यांत अंतर असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. नोटिशीवर अंगठा कुणाचा, चावडीवर कागद लागला की दप्तरातच राहिला, हे प्रश्न तेव्हाही होते. पण निदान विचारायला जागा होती. बदल संशयास्पद वाटला तर 'फेरफार दाखवा' असं म्हणता येत होतं.

१ एप्रिल १९५७

फेरफाराच्या जाळ्यात एक रकाना मात्र नीट सापडत नव्हता, आणि पुढे अख्खं कूळ-मालक प्रकरण त्याच रकान्यावर तोललं गेलं. तो म्हणजे पीकपाहणीचा, बारा नंबरचा.

बारा नंबर दरवर्षी नव्याने भरायचा. तलाठी हंगामात शिवारात जाणार, कोणतं पीक आहे आणि जमीन कोण वाहतंय ते लिहिणार. त्यात 'रीत' नावाचा एक बारीक रकाना असायचा. रीत एक म्हणजे मालक खुद्द कसतो. रीत तीन म्हणजे दुसऱ्यामार्फत. एका आकड्याचा फरक. आणि सातबाऱ्याच्या वरच्या भागातलं नाव काढायचं तर फेरफार लागतो, कंस लागतो. बारा नंबरमध्ये मात्र गेल्या वर्षीचं नाव यंदा काढावं लागत नाही. ते फक्त लिहिलं जात नाही. खाडाखोड नाही, कंस नाही, काही नाही. नाव नसणं ही गोष्ट डोळ्याला दिसत नाही, म्हणून ती पकडणं सगळ्यात अवघड.

१९४८ साली मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. (तो पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश या मुंबई राज्यातल्या भागांना. मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा १९५० चा कायदा होता आणि विदर्भाला पुढे १९५८ चा.) कुळांना संरक्षण मिळालं. मग १९५६ च्या दुरुस्तीने मोठी गोष्ट केली : १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी जमीन कुळ म्हणून ज्याच्याकडे आहे, त्याने ती विकत घेतली असं मानलं जाईल. मग मामलेदार, म्हणजे शेतजमीन न्यायाधिकरण, ३२-ग खाली किंमत ठरवणार. पैसे भरले की ३२-म चा दाखला. या कायद्याने लाखो कुळं मालक झाली. त्याचं मोठेपण कमी करायचं नाही मला.

पण ही रचना काय आहे ते बघा. एका तारखेला एक कळ दाबली जाणार आणि त्या क्षणी रकान्यात जे असेल त्यावर मालकी ठरणार. म्हणजे खरी लढाई कधी झाली? १९५७ मध्ये नाही. त्याआधीच्या आठ-नऊ वर्षांत.

याचा अभ्यास झाला, ही आपल्याकडची मोठी जमेची बाजू. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदनपूर यांनी १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. १९४८-४९ ते १९५२-५३ ही वर्षं त्यांनी घेतली आणि अहवाल १९५७ सालीच प्रसिद्ध झाला. दांडेकरांचं नाव पुढे नीळकंठ रथ यांच्याबरोबरच्या दारिद्र्यावरच्या अभ्यासामुळे देशभर गाजलं. हे त्याच्या आधीचं काम. त्यांना काय दिसलं? कायद्याचं संरक्षण असतानाही कुळांच्या हातून जमीन सुटत होती, मालक ती परत घेत होते. आणि त्यातल्या पुष्कळ ठिकाणी कागदावर कारण होतं : कुळाने स्वखुशीने जमीन सोडली. संरक्षण मिळाल्याबरोबर माणूस स्वखुशीने ते सोडून देतो, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे, हे त्यांनी ओळखलं.

अशी जमीन सोडायची तर ते लेखी हवं आणि मामलेदारासमोर पडताळलेलं हवं, अशी अट कलम १५ मध्ये होती. पण ज्याच्याकडे ना लेखी करार, ना पावती, ज्याचं कूळपण फक्त पीकपाण्याच्या नावावर उभं आहे, त्याचं नाव एका हंगामात लिहिलंच गेलं नाही, तर तो दाद कशाविरुद्ध मागणार? बाजू दोन्हीकडे होत्या, हेही सांगतो. जमीनमालकांत तालेवार होते तशा विधवा होत्या, अज्ञान मुलं होती. त्यांच्यासाठी ३२-फ मध्ये मुदत पुढे नेण्याची सोय होती. तिथेही सगळं नोंदीवरच होतं.

म्हणून मी म्हणतो की नियम बदलण्याआधी रकान्यांतले बदल तपासले पाहिजेत. १९५७ ची कळ दाबण्याआधी प्रत्येक गावात 'गेल्या दहा वर्षांत बारा नंबरमधलं कोणतं नाव गळलं आणि का' अशी यादी केली असती, तर किती दावे वाचले असते याची कल्पना करा. त्यातले काही दावे नातवंडांच्या काळापर्यंत चालले.

गळलेली तीन अक्षरं

आतापर्यंत मुद्दाम केलेल्या बदलांबद्दल बोललो. पण सगळे अनपेक्षित बदल लबाडीचे नसतात. बरेचसे नकलताना होतात.

हस्तलिखित सातबारा दर दहा वर्षांनी नव्याने लिहायचे. पीकपाण्याची जागा भरून जायची, कागद जीर्ण व्हायचा. हे पुनर्लेखन. नियम सोपा : कंसातली नावं सोडायची, चालू नोंदी जशाच्या तशा उतरवायच्या. पण शेकडो सातबारे हाताने उतरवताना काय होतं, ते शाळेत फळ्यावरचं उतरवून घेतलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे 'एकुमॅ'. ए, कु, मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील गेले, तीन भाऊ एकत्र आहेत, तर थोरल्याचं नाव लावायचं आणि पुढे 'एकुमॅ' लिहायचं. अर्थ असा की जमीन तिघांची, नाव कारभारासाठी एकाचं. आता पुनर्लेखनात ही तीन अक्षरं राहून गेली. नाव तेच, क्षेत्र तेच, आकार तोच. घरात कुणाला काही कळलं नाही, कारण घरात सगळ्यांना माहीतच होतं की जमीन तिघांची. वीस वर्षांनी थोरल्याची मुलं वारसनोंदीला गेली, तेव्हा सातबारा म्हणाला की जमीन फक्त यांची. धाकट्यांच्या मुलांना वाटतं चुलत्याने फसवलं. चुलता कदाचित वारलेला आहे आणि त्याने काहीही केलेलं नाही. कारकुनाच्या लेखणीतून तीन अक्षरं सुटली आणि भाऊबंदकी उभी राहिली.

तसंच 'अपाक'. अज्ञान पालन कर्ता. मुलगा लहान होता म्हणून आईचं नाव पालक म्हणून लागलं. मुलगा साठीला आला तरी शेरा तसाच. इथे बदल व्हायला हवा होता आणि झालाच नाही. माग काढताना हेही बघावं लागतं.

दप्तर पडद्यावर येतं तेव्हा

मग आला कॉम्प्युटर. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाली, २००८ मध्ये आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि आपल्याकडे ई-फेरफार ही प्रणाली उभी राहिली. सुरुवातीला मी ज्या कार्यालयीन प्रणालीचं वर्णन केलं, तीच ही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती तलाठ्याच्या खात्यावर येते, तलाठी नोंद धरतो, नोटीस निघते, मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. अँडरसनची वहीच, फक्त पडद्यावर. पेन्सिलही आहे आणि शाईही.

पण प्रणाली सुरू करण्याआधी जुने सातबारे तिच्यात भरावे लागणार. राज्यात सातबारे अडीच कोटींच्या आसपास. हस्तलिखितातल्या आधीच्या चुका त्यात आल्याच, वर टंकनाच्या नव्या आल्या. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज करावी तर ती गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळेना. कागदावर ही विसंगती चाळीस वर्षं निमूट बसली होती. कॉम्प्युटरने बेरीज केली आणि ती बोलायला लागली.

आता काय करायचं? दोन वाटा होत्या. सॉफ्टवेअरला सांगायचं की बेरीज तपासू नकोस, म्हणजे सेटिंग बदलायचं. किंवा प्रत्येक सातबारा हस्तलिखिताशी ताडून बघायचा. आपल्याकडे दुसरी वाट धरली गेली, ही गोष्ट नोंदवून ठेवावी अशी आहे. 'एडिट' आणि नंतर 'री-एडिट' अशी दुरुस्तीची खास सोय दिली गेली. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं. म्हणजे सातबारे गावकऱ्यांसमोर वाचायचे आणि ज्याला चूक दिसेल त्याने सांगायची. तलाठ्याने दुरुस्ती सुचवायची, तहसीलदारांनी मान्यता द्यायची, आणि सगळं जुळलं की घोषणापत्र करून हा दरवाजा बंद करायचा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे सातबारे मिळू लागले.

दरवाजा बंद करायचा, हे महत्त्वाचं. कारण री-एडिट म्हणजे फेरफाराशिवाय रकाना बदलायची सोय. ती कायम उघडी राहिली असती तर सहा नंबरची वही निरर्थक झाली असती. त्यानंतर चूक सापडली तर वाट एकच : कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा आदेश, संबंधितांना नोटीस देऊन. हे कलम लिहिताना झालेल्या चुकीसाठी आहे. हक्क कुणाचा हे ठरवण्यासाठी नाही. 'एकुमॅ' गळलं असेल तर १५५. भावाचा हिस्साच अमान्य करायचा असेल तर दिवाणी कोर्ट. ही रेघ पुसट झाली की १५५ चाच मागचा दरवाजा होतो.

२०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा दोन बारीक गोष्टी आल्या, त्या बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटल्या. कमी झालेल्या नोंदींना पूर्वी कंस असायचा. आता त्यांच्यावर आडवी रेघ येते, म्हणजे गेलेलं नाव ठळक दिसतं, पण वाचता येतं. आणि शेवटचा फेरफार क्रमांक व तारीख, तसंच कोणता फेरफार प्रलंबित आहे, हे सातबाऱ्यावरच छापून येतं. जुन्या काळची पेन्सिल छापील झाली म्हणा ना. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून आपलं पीक नोंदवतो. ज्या बारा नंबरच्या नोंदीने १९५७ ला इतका घोळ घातला, ती आता शेतकऱ्याच्या हातात आली आहे. या बदलाचा इतिहास लिहायला अजून थोडी वर्षं जावी लागतील.

माग कसा काढायचा

आता उपयोगाचं. सातबाऱ्यात अनपेक्षित बदल दिसला, तर पहिल्याच दिवशी अर्ज लिहू नका. आधी नकला गोळा करा. आजचा सातबारा, त्याच्या आधीचा शेवटचा हस्तलिखित, त्याच्या आधीचा, असे मागे जा. जुने स्कॅन केलेले कागद 'आपले अभिलेख'वर बऱ्याच ठिकाणी मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात. सगळे शेजारी शेजारी ठेवा आणि एकच गोष्ट शोधा : कोणत्या दोन कागदांच्या मध्ये रकाना बदलला?

ती जागा सापडली की बघा, बदलाशेजारी फेरफाराचा क्रमांक आहे का? नसेल, तर बहुधा पुनर्लेखनाची किंवा टंकनाची चूक. वाट १५५ ची. क्रमांक असेल, तर त्या फेरफाराची नक्कल काढा. फेरफारात वेगळंच लिहिलंय आणि सातबाऱ्यावर वेगळं उतरलंय, तर पुन्हा अंमल देताना झालेली चूक. फेरफार आणि सातबारा जुळतात, पण तुम्हाला नोटीसच नव्हती किंवा वारसांची नावं गाळली आहेत, तर प्रांतांकडे अपील. आणि नोंद बरोबर आहे, पण मुळातला दस्तच खोटा आहे, तर कोर्ट. बघा, सातबाऱ्यावर दिसणारी खूण एकच, 'माझं नाव नाही'. पण आजार चार, आणि औषधं वेगवेगळी. माग न काढता अर्ज केला की चुकीच्या दारात पाच वर्षं जातात आणि शेवटी ऐकायला मिळतं, 'हे आमच्या अधिकारात येत नाही'.

प्रणाली चालवणाऱ्यांसाठीही तेच. एका गटात बदल दिसला तर कुणीतरी काहीतरी केलंय. गावातल्या तीस गटांत एकाच दिवसापासून एकाच प्रकारचा बदल दिसला तर यंत्रणेने केलंय. पहिल्या वेळी सेटिंग बदललंत तर निरपराध कारकुनांचं काम अडेल आणि करणारा दुसरी वाट शोधेल. दुसऱ्या वेळी माणसाला नोटीस काढलीत तर चूक चालूच राहील. आणि सेटिंग बदलायचंच ठरलं, तर बदलण्याच्या आदल्या दिवशीची प्रत जपून ठेवा. नाहीतर उद्या जे बिघडलेलं दिसेल ते आधीचं की नव्या सेटिंगने झालेलं, हे सांगता येणार नाही.

माझं बोलणं इथे थांबवतो. काही प्रश्न आले आहेत, ते घेऊ.

प्रश्न : आता कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये सगळंच नोंदलं जातं. मग चावडीवर नोटीस लावायची जुनी पद्धत कशाला हवी?

उत्तर : चांगला प्रश्न आहे. लॉग दोन गोष्टी सांगतो : कुणी बदललं आणि कधी. तो वाचतं कोण? कार्यालयातली माणसं, तेही तक्रार आल्यानंतर. चावडीची नोटीस वाचतो तो ज्याचं शेत जाणार आहे तो, आणि बदल पक्का होण्याआधी. लॉगने गुन्हेगार सापडतो. नोटिशीने नुकसान टळतं. आता 'आपली चावडी'वर प्रलंबित फेरफाराच्या नोटिसा घरबसल्या दिसतात. गावाबाहेर, पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी आपलं गाव उघडून बघावं.

प्रश्न : मोबाइलवर फुकट दिसणारा सातबारा पुरावा म्हणून चालतो का?

उत्तर : नाही. तो फक्त माहितीसाठी. कामासाठी डिजिटल सहीचा किंवा तलाठ्याच्या सही-शिक्क्याचा घ्या. पण माग काढायला तो फुकटचा पुरतो.

प्रश्न : आमच्या आजोबांचं नाव १९५० च्या सुमाराच्या पीकपाण्याला आहे, नंतर एकदम नाही. फेरफारही सापडत नाही. आता काय करता येईल?

उत्तर : तुमच्या जमिनीचा निकाल मी इथून देऊ शकत नाही, वकिलांना दाखवा. इतिहासाचा माणूस म्हणून एवढं सांगतो की फक्त सातबारा बघून थांबू नका. तेव्हाचा सात-अ, म्हणजे कुळवहिवाटीची वही, काढा. मामलेदारासमोर जमीन सोडल्याचं काही प्रकरण झालं होतं का, ३२-ग ची फाइल कधी उघडली होती का, हे तहसीलला विचारा. आणि नाव नेमकं कोणत्या सालच्या हंगामात दिसेनासं झालं, ते साल आधी पक्कं करा. बाकीचं सगळं त्या सालावरून शोधायचं आहे.